दहाने भागणारे काका

आमच्या मावशीच्या घरमालकांइतका संतापी माणूस कल्याणपासून कर्जतपर्यंत दुसरा झाला नसेल, आणि झाला असेल तर त्याच्या संतापाला निदान चारचौघांना समजेल असं कारण तरी असेल. माणसं पाण्यावरून चिडतात, भाड्यावरून चिडतात, जिन्यात लावलेल्या सायकलीवरून चिडतात. आमचे घरमालक, ज्यांना बदलापुरातली सगळी खरवई 'काका' म्हणायची, यातल्या कशावरूनच चिडत नसत. नळाला पाणी आलं नाही तर कळशी उचलून विहिरीवर चालू लागायचे. भाडं राहिलं तर आम्हाला आठवण करून द्यावी लागायची. पण कुणी त्यांच्यासमोर म्हणालं, की चोवीसशेच्या मॉडेममधून सेकंदाला तीनशे अक्षरं जातात, तर चष्मा कपाळावर, मानेची शीर बाहेर, आणि एरवी कारखान्याच्या ऑफिसात शोभणारी त्यांची भाषा नोकरी सोडून थेट शेतावरच्या घरी यायची. "तीनशे? कंच्या हिशेबान तीनशे? दोनशे चालीस हाय ते. दहान भाग, दहान." समोरचा माणूस बहुधा काकांच्या बूथवर फोन करायला आलेला असायचा आणि त्याला मॉडेम म्हणजे काय हेही ठाऊक नसायचं.

मलाही नव्हतं. मी आठवीत शाळा सोडलेली. राजुऱ्याच्या पुढे आमचं गाव. आठवीनंतरची शाळा नदीपलीकडे होती आणि मुलीने रोज नदी ओलांडावी असं घरात कुणाला वाटत नव्हतं. पुढे पाच-सहा वर्षं घरकामात गेली आणि मग मावशी मला बदलापुरात घेऊन आली. तिचे यजमान अंबरनाथ एमआयडीसीत पाळीवर जायचे, दोन खोल्यांत आधीच पाच माणसं होती. मावशी वाईट नव्हती, पण तिने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "काम लागलं तर राहा बापा, नाही लागलं तर दिवाळी झाली की तुला गावाला नेऊन सोडते." गावाला एक स्थळ माझी वाट बघत बसलं होतं. त्याचं वय विचारलं की घरचे लोक त्याच्या विहिरीविषयी बोलू लागत. तेव्हा मी त्या काळात जी धडधडत जगत होते ती कशासाठी, हे सांगायला नको.

काका एमआयडीसीतल्या एका केमिकल कारखान्यात टेलेक्सची मशीनं सांभाळायला होते. टेलेक्स म्हणजे इकडे टाइप केलं की तारेतून तिकडे टाइप होणारं यंत्र. त्यात म्हणे प्रत्येक अक्षराच्या आधी एक ठोका जायचा, 'आता सुरू'. मागून एक जायचा, 'झालं'. हे दोन ठोके नसले तर पलीकडच्या मशीनला कुठलं अक्षर कुठे संपलं ते कळायचं नाही आणि नुसती गिचमिड उमटायची. पुढे कॉम्प्युटर आले, फोनच्या तारेतून एका कॉम्प्युटरमधली फाइल दुसऱ्यात पोचवणाऱ्या मॉडेम नावाच्या पेट्या आल्या. त्यांचा वेग बिटमध्ये, म्हणजे ठोक्यांत सांगत. एका अक्षराचे ठोके आठ. पुढचा एक, मागचा एक, मिळून दहा. म्हणून वेगाचे जे काही ठोके असतील त्यांना दहाने भागायचं, की सेकंदाला किती अक्षरं ते आलं. काकांचं सगळं तत्त्वज्ञान एवढंच. जग आठाने भागतं याचा त्यांना राग होता, कारण त्यांच्या मते जग सुरू कुठे झालं आणि संपलं कुठे याची वेळ हिशेबात धरत नव्हतं.

नोकरी सोडून त्यांनी घराच्या खालच्या खोलीत एसटीडी बूथ काढला, त्यात एक जुना कॉम्प्युटर आणून ठेवला, आणि त्यावर बसायला माणूस हवा म्हणून मावशीने मला खाली नेलं. काकांनी ना नाव विचारलं ना शिक्षण. "चोवीसशे भागिले दहा?" म्हणाले. मी घाबरून म्हटलं, "एक शून्य काढलं की दोनशे चाळीस, जी." ते एकदम माझ्याकडे वळले. "जी काय?" मला वाटलं, गेलं काम. मी म्हटलं, "आमच्याकडे म्हणतात, जी. बोलणं झालं की शेवटी लावतात, जी." मग काका मावशीला म्हणाले, "तुमच्या तिकडची माणसं सुधारलेली दिसतात. इथं कोण लावतंय शेवटी काही?" मी कामाला लागले. आठाचा पाढा मला तेव्हा निम्म्यातच अडायचा, आणि भागाकार दहाचा असला तर नुसतं शून्य खोडायचं असतं, या एका गोष्टीबद्दल मी देवाचे किती आभार मानले ते सांगून खरं वाटणार नाही.

काकांच्या घरात बोलण्याची शिस्तच वेगळी होती. बोलण्याआधी 'हां, ऐका' म्हणायचं आणि बोलून झालं की 'संपलं' म्हणायचं. काकी इतक्या वर्षांत सरावल्या होत्या. आतून आवाज यायचा, "हां, ऐका, भात झालाय, संपलं." बूथवर फोन करणाऱ्या लोकांना मात्र हे कसं ठाऊक असणार? एकदा वरच्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर गणपतीच्या आरतीचं बोलावणं घेऊन आले. आरतीवरून मंडपाकडे गेले, मंडपावरून मागच्या वर्षीच्या पावसाकडे, तिथून पोटाच्या विकाराकडे. काका दात आवळून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "मास्तर, तुम्ही कधी थांबणार आहात ते आधी सांगून ठेवा, म्हणजे मला किती चिडायचं ते ठरवता येईल." मास्तरांनी ते दोन वर्षं मनात ठेवलं. काका प्रत्येक माणसाचा वेग काढायचे. भाजीवाली तीनशेची. बँकेतला क्लार्क पन्नासचा, म्हणजे जुन्या टेलेक्सइतका. आमची मावशी शहाण्णवशेच्याही वर, "आणि चूक तपासायची सोय नाही" हे त्यांचं मत. हे मावशीच्या कानावर गेलं तेव्हा तिने आठ दिवस त्यांच्याकडे भाजीची वाटी पाठवली नाही, आणि ती का आली नाही यावरूनही ते चिडले नाहीत, कारण त्याचा ठोक्यांशी संबंध नव्हता.

स्टेशनजवळ एक कॉम्प्युटर क्लास निघाला. त्याच्या पाटीवर लिहिलं होतं, 'सुपरफास्ट मॉडेम, २४०० बॉड'. काकांनी ते वाचलं आणि भाजीची पिशवी माझ्या हातात देऊन आत शिरले. क्लासवाला पंचविशीतला, टाय लावलेला.

"बॉड कुणी लिहिलं?"

"मी, अंकल. काय झालं?"

"बॉड म्हणजे फेऱ्या. बिट म्हणजे पोती. तुझी पेटी सेकंदाला सहाशे फेऱ्या मारते आणि फेरीला चार पोती नेते. तेव्हा कुठं चोवीसशे होतात. फेऱ्या आणि पोती एकच का? तुझ्या आजानं खळ्यावर असं भात मोजलं असतं तर त्याला गावानं तिथंच बडवला असता."

"अंकल, सगळे बॉडच बोलतात. पब्लिकला काय फरक पडतो?"

"फरक पडत नाय म्हणून तर चिडलोय."

मग त्यांनी बाहेर येऊन खिशातला रुमाल काढला, थुंकी लावून ओला केला आणि पाटीवरचा 'बॉड' पुसू लागले. ऑइल पेंट तो, कुठला निघतोय? भर बाजारात काका रुमाल घासताहेत आणि क्लासमधली पोरं दारात येऊन हसताहेत. मी भाजीची पिशवी धरून उभी होते. एरवी मी कुणासमोर मान वर करत नसे, पण त्या दिवशी मला त्या पोरांचा असा राग आला की आजही ती पाटी आठवली तरी माझ्या हाताची मूठ होते. चुकीचं लिहिणारा टाय लावून उभा, आणि हसायचं कुणाला, तर बरोबर असणाऱ्याला.

बूथ तसा रडतखडतच चालायचा. कॉम्प्युटरला तर कामच नव्हतं, आणि काका तो विकायच्या गोष्टी बोलू लागले होते. कॉम्प्युटर गेला की माझी खुर्ची गेली. अशात श्रावणाच्या सुमारास एक सेठ आला. उल्हासनगर कॅम्प दोनमध्ये त्याचं चेन-बटणांचं दुकान आणि बदलापुरात गोदाम. गोदामाला फोन मिळाला नव्हता, अर्ज पडून होता. सुरतेला त्याचा भाऊ. रोज संध्याकाळी इथून मालाची फाइल सुरतेला गेली की भाऊ त्याप्रमाणे गाडी भरणार, आणि सहापर्यंत फाइल पोचली नाही तर गाडी रिकामीच निघून जाणार. गाडी परक्या ट्रान्स्पोर्टची, ती कुणासाठी थांबत नव्हती. सेठने अट घातली, "देखो काका, दिवाळीपर्यंत ट्रायल. एक दिवस पण गाडी खाली गेली, तर काम बंद. टेशनवाला क्लास पण हे काम मागतो आहे." क्लासचं नाव ऐकताच काकांची शीर बाहेर आली. दिवाळीपर्यंत काम टिकलं तर मी इथली, नाही तर त्या विहिरीवाल्याची.

"टाइम बोलो," सेठ म्हणाला.

काकांनी फाइल किती अक्षरांची ते पाहिलं. "दहा मिनिटं. सहाला दहा कमी असताना फाइलची फ्लॉपी इथं पाहिजे."

"मेरा भतीजा आठ बोलतो."

"भतीजाला सुरतेला पाठवा, म्हणजे मधे तार नको."

पहिल्या दिवशी सेठ स्वतः येऊन बसला. मी फोन लावला, मॉडेमने नेहमीची किंकाळी फोडली, फाइल निघाली. काका भिंतीवरच्या घड्याळाखाली हाताची घडी घालून उभे. आणि आठव्या मिनिटाला पडद्यावर आलं, काम झालं. सेठ खूश. मी खूश. काका लालबुंद. "थांबा. कायतरी गळलंय." त्यांनी लगेच सुरतेला फोन लावला. "शेवटची ओळ वाचा." तिकडच्या भावाने वाचली. बरोबर. "मधली कुठली पण वाचा." बरोबर. "पहिली." तीही बरोबर. सेठ हसायला लागला, "अरे काका, माल जल्दी पोचला तरी झगडा करता?"

"जल्दी पोचला म्हणजे काय? हिशेबापेक्षा लवकर झालेलं काम मला चालत नाही. तुम्हाला चालतं, तुम्ही व्यापारी."

त्या संध्याकाळी मॉडेमबरोबर आलेलं जाडजूड इंग्रजी पुस्तक घेऊन काका ओट्यावर बसले. काकींनी 'हां, ऐका' अशी तीनदा सुरुवात केली; ते काही उठले नाहीत. मला वाटलं, उद्यापासून आपल्याला आठाचा पाढा लागणार. दुसऱ्या दिवशी सेठने विचारलं, "आज किती?" काका म्हणाले, "दहा."

आणि मग रोज दहा. रोज ते दहा सांगायचे आणि रोज आठ लागायचे. सेठला रोजचा विनोद झाला. "काका, स्कूलमध्ये कितनी बार फेल झाला?" "साईं, दोन मिनिट सोडो ना, एक पार्टीचा ऑर्डर येतो आहे." त्या दोन मिनिटांसाठी तो हात जोडायचा, आणि काका त्याच्यावर असे खेकसायचे की बाहेर रिक्षावाले वाकून बघायचे. गोष्ट क्लासवाल्यापर्यंत गेली. तो जाता-येता बूथच्या दारातून ओरडायचा, "अंकल, आज आठ आणि दोन किती?" काका तोंड फिरवून घ्यायचे. हा माणूस, जो पाटीवरच्या एका शब्दासाठी बाजारात भांडला, तो समोर रोज खोटा ठरत होता आणि तरी हटत नव्हता. माझा राग मग काकांकडेच वळला. एकदा धीर करून म्हटलं, "काका, आठच लागतात, जी. लोक हसतात तुम्हाला."

"पुस्तकात काय वाट्टेल ते छापतील. तुला दहाने भाग म्हटलंय ना?"

मी पुस्तकाचं नावही काढलं नव्हतं. पण तेव्हा ते माझ्या लक्षात आलं नाही.

दिवाळी तोंडावर आली. गोदामात रोज खच माल, सेठ घामाघूम. अशा एका संध्याकाळी फाइल निघाली, निम्मी गेली, आणि पडद्यावरचे आकडे मधेच थांबले. लाइन तुटली. एक्स्चेंजचं काय व्हायचं ते देवाला ठाऊक, पण कडाकडा वाजलं आणि सगळं गप्प झालं. डोळ्यांपुढे सुरतेची गाडी आली, मग आमच्या गावची नदी, मग ती विहीर. सेठ उठून उभा राहिला. "गया. सब गया." मी काकांकडे पाहिलं. आता ते फोनवर ओरडणार, एक्स्चेंजवर ओरडणार, माझ्यावर ओरडणार. ते खाली वाकले आणि मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता अशा आवाजात म्हणाले, "हां, ऐक. परत लाव. जिथं तुटलं तिथून पुढं जाईल. तुझ्याजवळ दोन मिनिटं आहेत. संपलं."

मी लावला. एंगेज. पुन्हा लावला. किंकाळी आली. फाइल तुटल्या जागेपासून सरकायला लागली. पडद्यावर काम झाल्याचं आलं तेव्हा घड्याळाचा काटा सहाला जवळजवळ टेकलेला. काकांनी सुरतेला फोन लावून नुसतं "हां?" म्हटलं. तिकडून मोठ्याने ओरडणं आम्हालाही ऐकू आलं, "मिल गया, गाडी खडी है." सेठ खुर्चीत बसला आणि त्या दिवशी त्याने घड्याळाचा विनोद केला नाही. काका मात्र त्यानंतर सुटले. एक्स्चेंजपासून जे सुरू झाले ते तारा, खांब, खांब रोवणारे, त्या खांबांवर बसणारे कावळे, सगळ्यांवर. काकींनी चहा आणून पुढे ठेवला तर चहावर. मी विचारलं, "काका, ती दोन मिनिटं कुठून आली, जी?"

"कुठून म्हंजे? स्टार्टची आन् स्टॉपची. आनखी कुठून येनार?"

दिवाळी झाली. सेठने काम कायम केलं. विहिरीवाल्याचं लग्न दुसरीकडे ठरल्याचं पत्रातून कळलं आणि मी काकींच्या स्वयंपाकघरात जाऊन उगीचच दोन बेसनाचे लाडू खाल्ले. पुढे त्या खुर्चीवर मी बरीच वर्षं बसले. चोवीसशेची पेटी गेली, शहाण्णवशेची आली, मग चौदा हजारांची, अठ्ठावीस हजारांची. मी प्रत्येकीचं शून्य खोडत गेले आणि माझं काम रोज वेळेच्या आधी होत गेलं. मग माझं लग्न झालं, मी बघून, पसंत करून केलेलं, आणि मी अंबरनाथला गेले.

त्यानंतर एकदा, नव्वदचं दशक सरत आलं होतं तेव्हा, खरवईला गेले. बूथ बंद झाला होता. काकांना कमी ऐकू यायचं आणि चालायला काठी लागायची, पण दारात इंटरनेट विकायला आलेला एक पोरगा उभा होता आणि काका त्याला सांगत होते, "छप्पन्न हजार म्हणजे सेकंदाला पाच हजार सहाशे अक्षरं. सात हजार म्हणालास तर जिना दाखवीन." मी आत काकींजवळ जाऊन बसले. त्या वालाच्या शेंगा सोलत होत्या. मी सहज म्हटलं, "अजून दहानेच भागतात का, जी? आठाने भागायचं असतं. या पेट्या पुढचा-मागचा ठोका पाठवतच नाहीत. माझ्या मिस्टरांनी सांगितलं."

काकींनी दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "अगो बाय, त्यांना कवाच ठाव व्हता. त्याच रोजी, पुस्तक वाचून उठले त तवाच मना बोल्ले. आठच बरोबर हाय बोल्ले."

"मग?"

"मंग काय. बोल्ले, पोर घाबरट हाय. आठान सांगला त एक दिस गारी चुकंल न् हिला गावाला धारतील. दहान सांगला त दोन मिन्टा रोज हिच्यापाशी रातील. मी बोल्ली, लोका हसतान तुमाला. त बोल्ले, हसूं दे." काकींनी एक शेंग मोडली. "मंग रातभर कुशी बदलीत व्हते. आठाला दहा सांगाचा म्हंजे त्यांचा जीव जायाचा ना."

बाहेर काका त्या पोरावर ओरडत होते. क्लासवाल्याचं ते दारातून ओरडणं मला आठवलं, सेठचं हसणं आठवलं, आणि रोज संध्याकाळी तोंड फिरवून घेणारे काका आठवले. ज्यांना पाटीवरचा एक चुकीचा शब्द सोसला नाही, त्यांनी माझ्यासाठी चुकीचा आकडा वर्षानुवर्षं छातीवर लावून घेतला होता. त्यांना विचारायला गेले असते तर ते नुसते भडकले असते. म्हणून विचारलं नाही.

निघताना पाया पडले. त्यांनी काठीवर हात ठेवून विचारलं, "किती वेळ लागंल घरी पोचायला?"

मी कानाशी तोंड नेऊन म्हटलं, "पाऊण तास."

"दहाने काढलास ना?"

"हो, जी."

ते पुन्हा त्या पोराकडे वळले. तो बिचारा अजून तिथेच होता.

घरी पोचल्यावर आधी फोन लावला. त्यांनीच उचलला. मी मोठ्याने म्हटलं, "हां, ऐका. पोचले, जी." पलीकडे ते घड्याळ बघत असणार, कारण जरा वेळ नुसता श्वास ऐकू आला.

"आधी पोचलीस," ते म्हणाले, रागानेच. "संपलं."

आणि फोन ठेवला. त्यानंतर तो आवाज मला फार वेळा ऐकायला मिळाला नाही. त्या दिवशी मात्र मी रिसीव्हर लगेच खाली ठेवला नाही. लाइन बंद झाल्यावरही थोडा वेळ तो तसाच कानाशी धरून उभी राहिले. घाई नव्हती, माझ्याजवळ दोन मिनिटं शिल्लक होती.